वजन त्याचं त्यालाच पुरं

बसा.

मांडी घालून बसा, नाहीतर स्टुलावर. समोरचं टेबल तेवढं डगमगता कामा नये.

टेबलावर काच आहे. 10 मिलिमीटर जाडीची, काचवाल्याकडे कापून उरलेली. कडा घासून बोथट केल्या आहेत.

काचेवर वॉटर पेपर, 400 नंबरचा. काळपट, ओला. ओला आहे म्हणून काचेला आपसूक धरून बसला आहे.

आणि तुमच्या हातात जॉब आहे. उद्यमनगरात हातातल्या कामाला जॉबच म्हणतात, मग तो गुऱ्हाळातल्या चरकाचा रूळ असो, नाहीतर मुठीत मावणारा व्हॉल्व्ह. आजचा जॉब तांब्याचा. संगणकाच्या प्रोसेसरवर बसतो तो वॉटर ब्लॉक.

अजून काही करू नका. नुसता धरा.

वजन जाणवतंय? आकारानं लहान, तरी तळहातात चांगला भरतो.

आता गारवा बघा. बोटं जिथं टेकली आहेत तिथं तांबं गार लागतं. पेपर इतका गार लागत नाही, टेबलाचं लाकूडही नाही. खोली एकच, हवा एकच, तरी तांबंच गार.

बोटांतली ऊब ते ओढून घेतंय. घेतं आणि पसरवतं, घेतं आणि पसरवतं. त्याला दुसरं काही येत नाही.

थांबा जरा. तसाच धरून ठेवा.

थोड्या वेळानं गारवा लागेनासा होतो. आता हात आणि तांबं एकाच तापमानावर आलेत. कुठं हात संपतो आणि कुठं तांबं सुरू होतं, हे डोळे मिटून सांगायला अवघड जातं.

डोळे मिटा. बघा सांगता येतंय का.

सावकाश उघडा.

ही जागा कोल्हापूर. शिवाजी उद्यमनगर, शहराच्या पोटातच असलेली कारखान्यांची वस्ती. वेळ दिवेलागणीची. लेथ थांबलेत. कुणीतरी हात धुतंय. कापडी पिशवीत डबा ठेवल्याचा आवाज येतो. टेम्पो वळतो आणि लांब जातो.

आवाज येऊ द्या. जाऊ द्या.

पलीकडच्या शेडमध्ये एक शेपर अजून चालू आहे. पुढे जातो, मागे येतो. पुढे जाताना कापतो, मागे येताना रिकामा येतो.

त्या लयीवर श्वास सोडा. पुढे जाताना. मागे येताना.

पुन्हा एकदा. घाई नाही.

आता जॉब उलटा करा. तळ वर येऊ द्या.

हाच तळ आपल्याला सपाट करायचा आहे. हातानं.

वरून बघितलं तर तो सपाटच आहे. चकचकीत आहे, त्यात तुमचा चेहराही अर्धामुर्धा दिसतो. हरकत नाही. डोळ्याला जे दिसतं ते डोळ्यापाशी राहू द्या.

हा तळ जिथं टेकणार आहे, ती जागा मनात आणा.

अंगठ्याच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. संगणक जोरात काम करतो तेव्हा तेवढ्याशा जागेतून 100 ते 150 वॅट उष्णता बाहेर पडते. जुना पिवळा बल्ब आठवतो ना, 100 वॅटचा, माजघरातला, हात लावला की चटका बसणारा? त्याची सगळी ऊब एका नखाएवढ्या जागेतून.

तिला वाट हवी आहे.

सिलिकॉनमधून ती वरच्या धातूच्या झाकणात शिरते. झाकणातून आपल्या तांब्याच्या तळात. तळाच्या आत पाती उभी आहेत, पातळ, दाट, एकमेकांत अर्ध्या मिलिमीटरचंही अंतर नाही. त्यांच्यामधून पाणी वाहतं. पाणी ऊब उचलतं, नळीतून रेडिएटरकडे नेतं, पंखा ती हवेत सोडतो.

पुन्हा हळूहळू चला त्या वाटेनं. सिलिकॉन. झाकण. तांबं. पाणी. हवा.

यातल्या एका ठिकाणी ऊब चांगलीच अडखळते. झाकण आणि तांबं जिथं भेटतात तिथं.

दोन धातू एकमेकांवर ठेवले म्हणून ते भेटत नाहीत. काही ठिकाणी टेकतात. बाकी ठिकाणी मध्ये हवा राहते. दिसत नाही, पण असते. आणि तांबं उष्णता जितक्या सहज वाहून नेतं, त्याच्या जवळजवळ 15,000 पट कमी सहज ही कोंडलेली हवा नेते. म्हणून मध्ये थर्मल पेस्ट भरतात. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी. तांब्यापुढं मात्र तीही तोकडीच पडते. तिचा थर जितका पातळ, तितकं बरं.

आपलं काम एवढंच. तिथली हवा कमी करायची.

एवढ्यासाठी बसलोय आपण.

ब्लॉकच्या दोन्ही तोंडांना बुचं लावलीत ना? एकदा बोट फिरवून बघा. घासताना निघालेली माती आत गेली तर त्या पात्यांमध्ये कायमची बसते. तळ सोडवूनही घासू नका. स्क्रू आवळले की तो परत वाकतो, आणि सगळं केलेलं वाया जातं. जसा वापरणार तसाच, आवळलेला, पुरा ब्लॉक काचेवर न्यायचा.

आता काळा मार्कर घ्या.

तळावर रेघ ओढा. उभी. तिच्याशेजारी दुसरी. मग आडव्या. चौकटी होऊ द्या.

प्रत्येक रेघेला तिचा वेळ द्या. शाई वाळू द्या.

या रेघा तुमच्यासाठी बोलणार आहेत. तळ उंच कुठं, सखल कुठं, हे तुमच्या डोळ्याला कळणार नाही, अंगठ्यालाही नीटसं कळणार नाही. शाईला कळतं.

पेपरवर थोडं पाणी शिंपडा. भांड्याच्या साबणाचा एक थेंब त्यात असू द्या.

जॉब पेपरवर ठेवा.

ठेवला? आता सोडा.

बोटं काढून घ्या पूर्ण. बघा त्याच्याकडे. तो स्वतःच्या वजनानं बसला आहे. त्याला धरायला कुणी लागत नाही.

आता बोटं परत न्या, पण वर नको. बाजूला, खाली, तळाच्या अगदी जवळ. वरून धरलं की हात पुढे जाताना जॉबचं नाक दाबतो आणि मागे येताना शेपूट. कडा झिजतात, मधला भाग राहतो, आणि सपाट करता करता तळाला गोलाई येते.

उद्यमनगरातल्या जुन्या फिटरच्या हाताखाली जो शिकलाय, त्याच्या कानात एक वाक्य घर करून असतं. पोरगं दात-ओठ खात घासायला लागलं की मेस्त्री मागून म्हणतात, “जोर लावू नगंस, पोरा. वजन त्याचं त्यालाच पुरं हाय.”

ऐका ते वाक्य. एकदा मनात म्हणा.

खांदे कुठं आहेत तुमचे? कानाजवळ आले असतील तर खाली सोडा.

जबडा सोडा.

आता हलवा. इंग्रजी 8 काढा पेपरवर. मोठा, सैल. वरचं वळण, मधली फुली, खालचं वळण.

परत वर.

ढकलू नका. नुसती दिशा दाखवा.

आवाज ऐका. खर्रर. खर्रर. पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण, त्यांची टोकं, आणि मऊ तांबं.

काही 8 झाले की जॉब पाव फेरा फिरवा. कुठल्याही हाताला स्वतःचा एक कल असतो. उजव्या हाताचा वेगळा, डाव्याचा वेगळा. फिरवत राहिलं की तो कल चारी बाजूंना सारखा वाटला जातो. हात सुधारायची गरज नाही. जॉब फिरवला की झालं.

8. 8. 8. पाव फेरा.

श्वास बघा. धरून ठेवलाय का? सोडा.

उचला आता. सरळ उचलू नका, कडेपर्यंत सरकवत न्या आणि मग उचला. पाणी आणि घासलेलं तांबं मिळून करडा-तांबूस रेंदा झालाय. तो पुसा, ओल्या फडक्यानं.

तळ दिव्याखाली धरा.

काय दिसतं?

कोपऱ्यांवरच्या रेघा गेल्यात. मध्ये मात्र चौकटी जशाच्या तशा, काळ्याभोर. म्हणजे मधला भाग खोल आहे. अजून पेपर तिथं पोचलेलाच नाही.

किंवा उलट असेल. मधल्या रेघा गेल्या, कोपरे काळे राहिले. म्हणजे पोट बाहेर आलंय. काही कंपन्या हे पोट मुद्दाम ठेवतात, चिप मध्ये असते म्हणून. दाब तिथंच जास्त पडावा म्हणून. तसा ब्लॉक असेल तर तो धुऊन, पुसून खोक्यात ठेवा, आणि हे मनन तांब्याच्या दुसऱ्या तुकड्यावर करा. निकलचा मुलामा असेल तर तो घासताना निघतो, आणि त्याच रेंद्याबरोबर वॉरंटीही वाहून जाते. हे आधी सांगितलेलं बरं.

आपण खोलगट तळ हातात घेतलाय असं धरू.

त्या उरलेल्या काळ्या रेघांकडे बघत राहा.

त्या पुसायचा मोह होतो. नेमकं तिथंच बोटानं दाबून घासावं असं वाटतं. दाबून काही होत नाही. जी जागा खाली आहे ती खालीच आहे. तिच्या आजूबाजूचं सगळं तिच्या पातळीला उतरेल तेव्हाच ती पेपरला भेटेल.

आजूबाजूचं उतरू द्या. त्याला वेळ लागतो.

पुन्हा रेघा मारा. पुन्हा पाणी.

8. 8. 8. पाव फेरा.

शेपर थांबला वाटतं. नाही, चालू आहे. आपलंच लक्ष दुसरीकडे गेलं होतं. आणा परत. खर्रर वर आणा.

हात चालू राहू द्या. तोवर एक गोष्ट.

सपाट म्हणजे काय, हे कशावरून ठरवायचं? पट्टी लावून? पट्टी सरळ कशावरून? दुसऱ्या पट्टीवरून? मग ती?

एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांच्या कारखान्यात हाच प्रश्न कामगारांपुढे असायचा. तिथं काम केलेला जोसेफ व्हिटवर्थ पुढं मँचेस्टरला गेला, आणि 1840 साली ग्लासगोच्या विज्ञानसभेत त्यानं सपाट धातूचे पृष्ठभाग कसे करावेत यावर निबंध वाचला. त्यातली युक्ती इतकी साधी आहे की ती हात चालू असतानाच समजून घेता येते.

तीन प्लेटा घ्यायच्या. दोन नाही, तीन.

दोनच घेतल्या तर एक खोलगट होते, दुसरी फुगीर होते, आणि दोघी एकमेकींत चपखल बसतात. बघणाऱ्याला वाटतं, जमलं.

तिसरी आली की हे टिकत नाही. पहिली खोलगट असेल, तर तिच्याशी जुळणारी दुसरी फुगीर, आणि तिच्याशीच जुळणारी तिसरीही फुगीर. आता दुसरी तिसरीवर ठेवा. डुलते.

डुलते, म्हणून कळतं.

पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर, तिसरी पहिलीवर. निळी शाई लावायची, एकमेकींवर टेकवायच्या, जिथं शाई उमटली ती उंच जागा स्क्रॅपरनं हलकेच खरवडायची. असं करत करत कुणालाही कुणावर ठेवलं तरी हलत नाही, अशी वेळ येते. तेव्हा तिघी सपाट असतात. बाहेरून पट्टी लावायला कुणी आलेलंच नसतं.

या तिघींपाशी थोडं थांबा.

पहिली. दुसरी. तिसरी.

तिघींपैकी एकीलाही सपाट म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

हाही एक गमतीचा भाग: त्या निबंधात व्हिटवर्थ पावडर टाकून घासण्याच्या विरोधातच होता. घासण्यानं कण कुठं जास्त चावतील याचा भरवसा नाही, खरवडणंच खरं, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आपण आत्ता जे करतोय ते त्याला पटलं नसतं. नसू दे. त्याच्याकडे ही काच नव्हती.

काचेकडे बघा. पेपरच्या कडेनं थोडी दिसते.

ही फ्लोट काच. वितळलेल्या कथलावर वितळलेली काच ओतली जाते, ती पसरते, आणि पसरता पसरता सपाट होते, कुणी घासल्याशिवाय. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं ही रीत 1959 साली जाहीर केली. आता खिडकीला तीच काच, टीपॉयला तीच. गावातल्या कुठल्याही काचवाल्याकडे जा, कथलाच्या तळ्यावर निवलेला सपाटपणा चौरस फुटाच्या भावानं मिळतो.

आपल्या तांब्याखाली आत्ता तोच आहे.

8. पाव फेरा.

आता थांबा.

जॉब गालाला लावा. हो, गालाला. बोटांना आता तो गारही लागत नाही, कोमटही लागत नाही. गालाला नीट कळतं.

कोमट झालाय. हाताच्या उबेनं आणि घर्षणानं.

तांबं तापलं की वाढतं. 50 मिलिमीटरचा तुकडा 10 अंशांनी तापला, तर साधारण साडेआठ मायक्रॉननं लांबतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण ज्या उंचसखलपणाच्या मागे आहोत, तोही असाच, काही मायक्रॉनांचा. आणि जॉब सगळीकडे सारखा तापत नाही. जिथं बोटं, तिथं जास्त.

म्हणजे आत्ता जे सपाट होतंय, ते निवल्यावर तसंच राहील असं नाही.

खाली ठेवा त्याला. काचेवर नको, लाकडावरही नको, तिकडच्या बीडाच्या सरफेस प्लेटवर ठेवा. ती मोठी आहे, जड आहे, गार आहे. ती त्याची ऊब काढून घेईल.

तुम्हीही हात मांडीवर ठेवा.

आता करायला काही नाही.

सरफेस प्लेटकडे बघत बसा. करडी. जागोजागी स्क्रॅपरच्या खुणा. हिलाही कधीतरी असंच निवत ठेवलं होतं. इथं जवळच, शिरोलीत, गोकुळ शिरगावात आजही वाळूच्या साच्यांत बीड ओततात, 1,300 अंशांच्या वर तापलेलं. वरून थंड झालं म्हणून ते आतून निवांत होत नाही. जाड भाग उशिरा निवतो, पातळ भाग लवकर, आणि त्या ओढाताणीचा ताण आत राहून जातो. लगेच कापलं-घासलं तर महिन्याभरानं तेच ओतीव पुन्हा वाकडं झालेलं दिसतं. म्हणून जुन्या रीतीत असे तुकडे महिनोन्‌महिने उघड्यावर टाकून ठेवत. ऊन, पाऊस, थंडी. कुणी हात लावत नसे.

ते पडून राहणंही कामातच धरलेलं असे.

तुमचं बसणंही आत्ता कामातच आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

बोटांना वास येतोय का? तांब्याचा म्हणतो आपण, तो. नाकाजवळ न्या. त्यातला बराचसा तांब्याचा नसून तुमच्या त्वचेवरच्या तेलाचा असतो. धातूशी गाठ पडली की त्याला तो वास सुटतो. दोघं भेटल्याशिवाय तो येत नाही.

राहू द्या तो वास.

याच गावात शंभरेक वर्षांपूर्वी दोघा भावांनी सिनेमाचा कॅमेरा घरीच करायचं मनावर घेतलं होतं. आनंदराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ बाबूराव. मूळ आडनाव मेस्त्री. 1916 साली आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही. 1918च्या सुमारास कॅमेरा पुरा झाला, आणि 1920 साली त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

सिनेमाच्या कॅमेऱ्यात गेट म्हणून एक जागा असते. फिल्म तिथं येऊन क्षणभर थांबते. मागून एक छोटी प्लेट तिला हलकेच दाबून सपाट धरते. प्लेट नीट नसेल तर चित्राचा एक कोपरा धूसर. जास्त दाबली तर फिल्मवर चरे.

सपाट, आणि हलकं. दोन्ही लागतं.

त्या हातांनी ती जागा कशी साधली असेल, याची कल्पना करत बसू नका. फक्त एवढं लक्षात घ्या की फिल्म थांबायची. थांबल्यावरच चित्र उमटायचं.

जॉब निवला असेल. गालाला लावून बघा.

गार.

चला.

रेघा. पाणी. 8. 8. 8. पाव फेरा.

आता मध्ये काळं कितीसं राहिलंय? एक डाग. कडा नसलेला, ढगळ. परत रेघा मारा. या वेळी सगळ्या रेघा एकदमच फिक्या होत जातात. कोपऱ्यातली आणि मधली, बरोबरीनं.

हे बघायला मिळालं की घाई करू नका. पुन्हा एकदा रेघा मारून पुन्हा बघा. एकदम फिक्या, एकदम नाहीशा.

400 चा पेपर इथं संपला.

काच धुवा. हात धुवा. नखांत अडकलेलं काढा. जॉब वाहत्या नळाखाली धरा. 400 चा एक कण जरी 800 च्या पेपरवर आला, तरी तो तासभर चरे ओढत बसेल, आणि ते कुठून येतात ते कळणार नाही.

नळाचं पाणी मनगटावरून जाऊ द्या थोडा वेळ.

800.

पेपर ओला करा, काचेवर पसरा, बुडबुडा राहिला तर कडेकडेनं काढा. जॉब ठेवा. सोडा. परत धरा.

ऐका.

आवाज बदललाय. खर्रर गेली. सर्रर आली.

मघाचे चरे एका दिशेनं दिसतील असे थोडा वेळ सरळ घासा. मग आडवं वळून घासा. आधीच्या दिशेचा शेवटचा चरा गेला की पुढचा पेपर. एवढीच खूण, घड्याळ नको.

1200.

आता आवाज ऐकायला कान जवळ न्यावा लागतो.

हाताला ओढ लागते का बघा. तळ जसजसा सपाट होतो, तसतसा तो ओल्या पेपरला धरून बसायला लागतो. सरकत नाही, खेचावा लागतो. मधली हवा गेली, पाण्याचा पातळ पापुद्रा राहिला, आणि त्यानं दोघांना बांधून घातलं.

या ओढीवर लक्ष ठेवा. इतका वेळ उंच काय, सखल काय हे शाई सांगत होती. आता मनगटालाही थोडं कळायला लागलंय.

जोर लावू नका. ओढ आहे तेवढीच असू द्या.

8. श्वास. 8. श्वास. पाव फेरा.

2000 चा पेपर घ्यायचा का?

घेतलात तर तळ आरशासारखा होईल. छान दिसेल. फोटो काढाल. पण माझं विचाराल तर इथंच थांबलात तरी चालेल. चकाकी आणि सपाटपणा यांचं तसं काही नातं नाही. गोल वाटीही चकाकते. आणि आरसा करण्याच्या नादात मऊ पॉलिशनं कडा उतरवलेले किती तरी जॉब बघायला मिळतात. ऊब जाते ती सपाटपणातून. चकाकी आपल्या डोळ्यांसाठी.

थांबायचं ठरवलं तर थांबा. कुठं थांबायचं हेही हाताला कळू द्या.

आता उजेड लागेल.

दिव्याकडे तोंड करा. तळ डोळ्याच्या पातळीला धरा. त्याच्यावर कडेची सरळपट्टी टेकवा, धारेवर, हलकेच. पट्टी आणि तांबं यांच्या मधून पलीकडच्या दिव्याकडे बघा.

पापणी थोडी मिटती घ्या.

दोन-तीन मायक्रॉनची फट असली तरी तिथून उजेडाची रेघ येते. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास. त्याच्या विसाव्या-तिसाव्या भागाएवढ्या फटीतूनही उजेड वाट काढतो.

येतोय का कुठून?

पट्टी आडवी करा. मग कर्णावर. मग दुसऱ्या कर्णावर.

कडेला एक बारीक निळसर रेघ असेल कदाचित. मध्ये अंधार. मध्ये अंधार असला की पुरे. चिप तिथंच असते.

त्या अंधाराकडे बघत राहा थोडा वेळ. दिवा पलीकडे लागलेला आहे, आणि तो अलीकडे येत नाही.

पट्टी खाली ठेवा.

हात सैल सोडा. मनगट फिरवा. बोटांच्या पेरांवर पाण्यानं सुरकुत्या पडल्यात, त्या बघा.

आता स्वच्छतेचं काम. तळ आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, नव्या फडक्यानं, आणि त्यानंतर त्याला बोट लावू नका. इतका वेळ ज्याला कुरवाळलं त्याला आता शिवायचं नाही, हे थोडं जड जातं. ताजं घासलेलं तांबं बोटाचा ठसा लगेच धरतं. दोन दिवसांनी तो ठसा तपकिरी होऊन तिथंच दिसतो.

कडेनं धरा.

प्रोसेसरच्या झाकणावर मधोमध पेस्ट ठेवा. थोडीच. जितकी कमी पुरेल, तितकी. एवढी मेहनत तिची गरज कमी करण्यासाठीच केली.

ब्लॉक वरून सरळ खाली आणा. टेकवा. आता मात्र किंचित दाब, डावी-उजवीकडे अगदी थोडं हलवून. पेस्ट पसरताना जाणवते.

स्क्रू. एका कोपऱ्याला अर्धा फेरा. मग समोरच्या कोपऱ्याला अर्धा फेरा. मग उरलेले दोन. एकच स्क्रू पुरा आवळलात तर तासन्‌तास घासून आणलेला तळ तिरका बसेल.

समोरासमोर. आळीपाळीनं. पाना फिरतोय, श्वास चालू आहे.

बुचं काढा. नळ्या लावा, क्लिपा आवळा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरा. संगणकाला वीज देऊ नका. फक्त पंपाला द्या.

पंप सुरू होतो. आधी गुळगुळ आवाज येतो, हवा बाहेर पडते. टाकीतली पातळी उतरते, परत भरा. केस थोडी पुढे कलवा, मागे कलवा, म्हणजे अडकलेले बुडबुडे सुटतील.

प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपरची घडी ठेवा आणि पंप रात्रभर चालू राहू द्या. सकाळी घड्या एकेक करून उचला, दोन बोटांत चुरून बघा. एक जरी दमट लागली, तर तो सांधा सोडवा, रिंग बघा, परत आवळा आणि आणखी एक रात्र जाऊ द्या. सगळ्या कोरड्या असतील तर संगणकाची वायर लावा, तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडा, आणि पहिला अर्धा तास त्याला हलकंच काम द्या.